मामा बरे आहेत

घरात ती सगळ्यांत धाकटी होती, पण ऑफिसात सगळ्यांची ताई. तिच्या बापाच्या वयाचे, मिशा पिकलेले ड्रायव्हरसुद्धा फोन उचलला की "बोला ताई" म्हणत. तिलाही आता दुसरी हाक ऐकली की चुकल्यासारखं वाटे.

माल वाहतुकीची कंपनी होती. खाली मोठं आवार, तिथे ट्रक धुतले जात, ग्रीस केले जात, पाठीला पाठ लावून उभे राहत. वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला एक खोली. खोलीत दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर भलामोठा पडदा. पडद्यावर नकाशा आणि नकाशावर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे कंपनीचा एक ट्रक. धावता ट्रक हिरवा, ठरल्या जागी उभा असला तर पिवळा, आणि नको तिथे थांबला की लाल. ठिपका लाल झाला की ताईने फोन उचलायचा आणि विचारायचं, "का थांबलात?"

बाहेरच्याला हे काम म्हणजे बसून पगार वाटे. पण ट्रक लुटला कसा जातो ते तिला ठाऊक होतं. कुलूप तोडायला कुणी येत नाही. माल भरताना गोदामातलाच एखादा हमाल कुणाच्या तरी कानाला लागतो. किंवा ड्रायव्हर जेवायला थांबतो आणि शेजारच्या बाकावरचा गोड बोलणारा माणूस विचारतो, "आज काय भरलंय?" मग एक गाडी मागे लागते. मोटरसायकलवरचा कुणीतरी हात करून सांगतो, "मागचं चाक बघा, बसलंय." भला माणूस उतरतो चाक बघायला, आणि संपलं. म्हणून ताई प्रत्येक नव्या ड्रायव्हरच्या डोक्यात एकच गोष्ट घालायची. माल भरल्यावर लगेच कुठे थांबायचं नाही, डिझेल आधीच भरून घ्यायचं. गाडी उभी करायची ती मागची दारं भिंतीला चिकटवून. दाराचं सील नुसतं बघायचं नाही, हाताने ओढून बघायचं. आणि मागे काय आहे ते सख्ख्या भावालाही सांगायचं नाही.

'सख्ख्या भावाला' हे शब्द तिच्या तोंडी रुळले होते खरे. पण म्हणून झाल्यावर ती दर वेळी क्षणभर थांबायची.

तिचा दादा याच कंपनीत ड्रायव्हर होता. टायर भरून निघाला होता. रस्त्यात त्याची गाडी थांबली, तेव्हा मालकांनी स्वतः फोन केला. तेव्हा ही खोली नव्हती, मोठा पडदा नव्हता, मालकांच्या टेबलावर एक लहानसा कॉम्प्युटर होता एवढंच. दादा फोनवर म्हणाला, "सगळं ठीक आहे, मालक. चहाला थांबलोय." मालकांनी बरं म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळाने गाडी हमरस्ता सोडून आडवाटेला लागली. मालक घाबरले. गाडीचं इंजिन ऑफिसात बसून बंद करायची सोय नुकतीच बसवली होती. त्यांनी बटण दाबलं. गाडी जागच्या जागी थंड पडली. पोलीस पोचले तेव्हा ट्रक होता, निम्मे टायर होते, दादाची चप्पल केबिनमध्ये होती. दादा नव्हता.

ही हकीकत मालकांनी घरी येऊन जशी घडली तशी सांगितली. आई पदराने चेहरा झाकून बसली होती. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. आणि ताईच्या तोंडून सहज निघून गेलं, "पण दादा चहा पीत नाही."

खरंच पीत नसे. लहानपणी एकदा पोट बिघडलं तेव्हापासून चहाचा वासही त्याला सहन होत नव्हता. घरात सगळ्यांना माहीत होतं, मालकांना कुठून माहीत असणार? त्याने आपल्या परीने ओरडून सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्याला ते ऐकू आलं नव्हतं.

मालक त्या दिवशी डोकं खाली घालून निघून गेले. पुढे वर्षभराने त्यांनीच निरोप पाठवला की मोठा पडदा बसवतोय, विश्वासाचं माणूस हवंय, मुलीला पाठवा. आई म्हणाली, "त्या माणसाची नोकरी करशील?" ताई म्हणाली, "त्या माणसाची नाही. त्या पडद्यासमोर बसायचंय मला." आईला ते कळलं नाही. तिलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की फोनवर पुन्हा कुणी "चहाला थांबलोय" म्हणालं, तर ऐकणारे कान आपले असावेत.

पहिल्या काही महिन्यांतच तिने एक पद्धत पाडली. ड्रायव्हरच्या मानेला सुरा लावलेला असेल तर तो "मला लुटतायत" असं कसं सांगणार? चोर कान देऊन ऐकत असतो. म्हणून ती प्रत्येकाला एकट्याला बोलावून विचारू लागली, "तुमच्या घरातलं, जवळचं, गेलेलं माणूस कोण?" ते नाव ती लक्षात ठेवायची. मग फोनवर, इकडचं तिकडचं बोलता बोलता, त्या माणसाची तब्येत विचारायची. सगळं ठीक असेल तर ड्रायव्हरने म्हणायचं, "ते गेले, ताई." अडचणीत असेल तर म्हणायचं, "बरे आहेत." ऐकणाऱ्या चोराला वाटावं, घरच्या गप्पा चालल्यात. मेलेलं माणूस जिवंत झालं की ताईने समजायचं, गाडी दुसऱ्याच्या हाती गेली.

हे तिने कुठेही लिहून ठेवलं नाही. कागद आज ना उद्या कुणाच्या तरी हाती पडतो. सगळी नावं तिच्या डोक्यात होती.

सुरुवातीला ड्रायव्हरांनी हसून घेतलं. मिशावाला म्हणून एक होता, तो म्हणाला, "ताई, माझ्याकडचं कुणी गेलेलंच नाही हो. सासूचं नाव लावू का? बोलाफुलाला गाठ पडली तर बरंच." खाली आवारात एकच हशा पिकला. शेवटी त्याने आपल्या मेलेल्या कुत्र्याचं नाव दिलं. पण कुत्र्याबद्दल बोलतानाही त्याचा आवाज जरा खाली आला, आणि मग हसणारे हळूहळू गप्प झाले. एकाने आईचं नाव दिलं. एकाने भावाचं. एका दणकट, उंचापुऱ्या माणसाने खिडकीकडे बघत आपल्या मुलीचं नाव सांगितलं आणि तो जिना उतरून गेला, त्याला पुढचं काही विचारायची ताईला हिंमत झाली नाही.

एकदा तर फजिती झाली. फोनवर एकाला तिने विचारलं, "आई कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे." तिने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी गाडी घेरली, तर हा गडी झाडाखाली डबा उघडून बसलेला. भाजीने माखलेली बोटं तशीच वर करून उभा राहिला. नंतर ऑफिसात आला तो रागावलेला नव्हता, कानकोंडा झाला होता. म्हणाला, "ताई, मी झोपेतून नुकता उठलो होतो. तुम्ही विचारलंत आणि मला वाटलं, ती घरीच आहे. खरंच वाटलं हो."

ताईला त्याच्यावर रागावता आलं नाही. तिलाही हल्ली तसंच व्हायला लागलं होतं. दिवसभर मेलेल्यांची विचारपूस करून ती संध्याकाळी घरी निघाली की बसमध्ये ती माणसं तिच्या भोवती दाटायची. कुणाची आई, कुणाचा भाऊ, ती मुलगी, मिशावाल्याचा कुत्रा. एकालाही तिने पाहिलं नव्हतं. तरी प्रत्येकाला एक चेहरा आला होता. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तर ती पिशवी तिथे ठेवायची नाही. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या घोळक्यात दादा कधी नसायचा. ती शोधायची, तरी नसायचा.

घरी आई दादाचं ताट रोज काढायची. वाढायची नाही, नुसतं काढून ठेवायची. "आला तर धावपळ नको." लांब कुठे ट्रकचा भोंगा वाजला की तिचा हात थांबायचा. वहिनी यावर चकार शब्द बोलायची नाही. ती शिवणकाम करायची. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायची, "बाहेर असतात." ते खोटंही नव्हतं आणि खरंही. तिची आई तिला बोलवत होती, तिने पुढचा विचार करावा म्हणून मागे लागली होती. पण जाणार कुठल्या तोंडाने? नवरा गेला म्हणावं तर सासूने घर डोक्यावर घेतलं असतं, आणि आहे म्हणावं तर कुठे आहे? तिघी बायका एकाच छपराखाली, आणि तिघींच्या मध्ये एक रिकामी जागा. तिला वळसा घालूनच प्रत्येकीला चालावं लागे.

आता गवई. त्याचं खरं नाव ड्रायव्हर लोकही विसरले होते. गाडी चालवताना मोठ्याने गायचा म्हणून गवई. फोन उचलला की आधी गाण्याचं शेपूट ऐकू यायचं आणि मग "बोला ताई". त्याला लहानपणापासून मामाने वाढवलं होतं, गाणंही मामानेच शिकवलं होतं. मामाने दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा गवई दूर कुठेतरी माल उतरवत होता. शेवटची भेट झाली नव्हती. ताईकडे त्याने मामाचंच नाव दिलं होतं.

त्या दिवशी गवईच्या गाडीत औषधं होती, खोक्यांनी गच्च भरलेली. अशा मालावर चोरांचा डोळा असतो, म्हणून एका खोक्याच्या तळाशी तळहाताएवढं यंत्र लपवलं होतं. गाडीच्या यंत्राची तार कुणी तोडली तरी हे आपली जागा सांगत राहील, थांबून थांबून का होईना. ही गोष्ट ताई आणि मालक दोघांनाच माहीत होती.

दुपारची वेळ. ताई डबा खाऊन हात धुवून आली तर पडद्यावर गवईचा ठिपका लाल. रस्त्याचं काम चाललं होतं त्या बाजूला, जिथे थांबायला काही कारण नव्हतं. तिने फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला गेला तेव्हा गाणं नव्हतं.

"बोला ताई."

"का थांबलात?"

"मागचा टायर बसलाय. बदलतोय."

आवाज सरळ होता. अगदी इस्त्री केल्यासारखा सरळ. ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि नेहमीच्याच सुरात म्हणाली, "बरं बरं, सावकाश करा. आणि काय हो, मामांची तब्येत कशी आहे आता?"

पलीकडे जरासं थांबणं. लांबून एक गाडी गेल्याचा आवाज.

"मामा बरे आहेत, ताई. कालच घरी आले. आता नीट जेवतात-खातात."

त्याच सुरात ताई म्हणाली, "चला, सुटलात. त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो, ताई," गवई म्हणाला, आणि फोन बंद झाला.

'सांगतो' या शब्दाने तिचा जीव निम्मा झाला. मामाला निरोप पोचवायचा म्हणजे कुठे जायचं, हे तिला कळत होतं, त्यालाही कळलं असणार. तिने पोलिसांना फोन लावला, हाताने खुणा करून मालकांना बोलावलं. मालक धापा टाकत जिना चढून आले. आता त्यांचं वय झालं होतं, गुडघे दुखत होते. पडद्यावरचा ठिपका हिरवा झाला, हलला आणि हमरस्ता सोडून वळला.

मालकांनी माऊस हातात घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात ते बटण होतं. इंजिन बंद.

"मालक, नाही," ताई म्हणाली.

"अगं, गाडी वळली. हातची जाईल."

"जाऊ दे."

फोनवरचे पोलीस अधिकारीही तेच म्हणत होते, गाडी जागेवर थांबवा, आम्ही पोचतो. पोचायला किती वेळ, ते विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. ताईने मालकांच्या हातावर आपला हात ठेवला. आजवर तिने त्यांच्याशी मान वर करून वाद घातला नव्हता.

"गाडी बंद पडली की ते कुणाला विचारतील? आपल्याला नाही विचारणार. जो त्यांच्या हातात आहे त्याला विचारतील. त्याला उतरवू दे त्यांना. मग काय करायचं ते करा."

मालकांनी हात काढून घेतला आणि ते मटकन शेजारच्या खुर्चीत बसले. इतक्यात पडद्यावरचा ठिपका विझला. चोरांनी गाडीच्या यंत्राची तार तोडली होती. आता दाबायचं म्हटलं तरी बटणाचा उपयोग नव्हता.

उरलं होतं ते खोक्यातलं यंत्र. ते मधूनच आपली जागा सांगे आणि पुन्हा गप्प होई. एकदा एका कच्च्या रस्त्यावर दिसलं. मग बराच वेळ काही नाही. मग त्याच जागी पुन्हा. गाडी थांबली होती. खाली आवारात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, त्याला मिशावाल्याने जाऊन गप्प केलं, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक ड्रायव्हर येऊन बसला. नंतर खूण पुढे सरकली. गाडी निघाली होती. गवई तिथे उतरला होता की उतरवला गेला होता, की अजून गाडीतच होता, पडदा सांगू शकत नव्हता. पोलिसांची एक गाडी त्या कच्च्या रस्त्याकडे निघाली.

ताईला तेव्हा दादा दिसला. इतकी वर्षं कधी नव्हता, तो आता खोलीत दाराशी उभा होता, पायांत चप्पल नव्हती. तिने वळून पाहिलं नाही. वळलं की नाहीसा होईल, किंवा होणार नाही, दोन्हीची तिला भीती वाटत होती.

अनोळखी नंबरवरून फोन वाजला. तिने उचलला.

पलीकडून घोगरा, फुटका आवाज आला. "ताई... मामा गेले हो. मामा गेलेत, ताई. मामा गेलेच आहेत."

ताईने टेबलावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली. जिन्यावरच्या ड्रायव्हरांना वाटलं, घात झाला. मिशावाला धावत आत आला. फोनवरचा आवाज मालकांनीही ऐकला होता, त्यांनी त्याला रडत रडतच हाताने सांगितलं, आहे, आहे, जिवंत आहे. एका वीटभट्टीवरच्या बाईने गवईच्या हातांची दोरी कापली होती आणि आपला फोन दिला होता.

त्याच संध्याकाळी खोक्यातल्या यंत्राच्या मागावर पोलीस एका गोदामात पोचले. माल उतरवत असलेले तिघे सापडले, बाकीचे पळाले. औषधांची काही खोकी गेली ती गेलीच.

गवई कामावर परत यायच्या आधी एकदा ऑफिसात आला. मनगटांवर काळेनिळे वळ होते. गळ्याला काही झालं नव्हतं, पण तो गात नव्हता. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, चहा पाजला. मग तो वर आला आणि ताईसमोर बसला.

"तुम्हाला एक सांगायचंय. सांगू की नको, रोज घोळवतोय."

"सांगा."

"डोळे बांधून आडवं पाडलं होतं मला. त्यांच्यातला एकजण माझ्या पाठीवर पाय ठेवून बसला होता. त्यांची सारखी एकच धास्ती, गाडी बंद पडते की काय. उतरवताना तो मला म्हणाला, नशीबवान आहेस, आज गाडी चालू राहिली. मागे एकाची मधेच बंद पडली होती." गवईने बाही ओढून मनगटावरचे वळ झाकले. "म्हणाला, तो हात जोडून सांगत होता, मी नाही बंद केली, मी नाही बंद केली."

"पुढे?"

"पुढे काही बोलला नाही, ताई. हसलाही नाही. मला वाटतं, त्यालाही ते आवडलं नव्हतं."

मालक दारात उभे होते. केव्हा आले ते दोघांनाही कळलं नव्हतं. ते कठड्याला धरून जिना उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका माणसाला बोलावून पडद्याच्या कोपऱ्यातलं ते बटण कायमचं काढून टाकायला लावलं. त्यानंतर ते वरच्या खोलीत फारसे आले नाहीत.

ताईने पोलिसांना सांगितलं. गवईने सापडलेल्या तिघांचे आवाज ऐकले, पण पाठीवर पाय ठेवणारा त्यांत नव्हता. तिघांतल्या सगळ्यात वयस्क माणसाने आधी कानावर हात ठेवले. मग एके दिवशी त्याने पोलिसांना एका बंद पडलेल्या दगडखाणीवर नेलं. खाणीत पाणी साठलं होतं. पाणबुडे उतरले, गंजलेलं लोखंड, जुने टायर निघाले. माणूस निघाला नाही. एका बाजूची दरड पूर्वीच आत कोसळली होती, तिच्याखाली काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. नंतर त्या माणसाने शब्द फिरवला. म्हणाला, मी ऐकीव सांगितलं, मला माहीत नाही.

ताई आणि वहिनी दोघी जाऊन ती जागा बघून आल्या. आईला सांगितलं, कापड आणायला जातोय. पाणी हिरवट आणि अगदी निश्चल होतं. काठावर शेळ्या पाणी पीत होत्या. वहिनी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमची आई ताट काढायची ना, मला ते ताट बघवायचं नाही. पण ते ताट होतं म्हणून या घरात मला जागा होती." ताईने तिचा हात धरला.

घरी आल्या तर आई दारातच बसलेली. हातात कापडाची पिशवी नाही हे तिने पाहिलं.

"पाणी खोल आहे का?" तिने विचारलं.

कुणी सांगितलं होतं कोण जाणे. शेजारपाजारी गोष्ट लपत नाही.

"खोल आहे, आई," वहिनी म्हणाली.

"त्याला पोहता येतं," आई म्हणाली आणि आत गेली.

पुढे कितीतरी दिवस आई वहिनीशी बोलली नाही. ताईशी कामापुरतं बोलायची. मग एका सकाळी आपणहून म्हणाली, "मला घेऊन चला." कुठे, ते विचारायची गरज नव्हती. ताईने ऑफिसात रजा सांगितली, वहिनीने शिवणाचं मशीन झाकलं, आणि तिघी बसने निघाल्या.

खाणीच्या काठावर आई एका दगडावर टेकली. शेळ्या होत्याच. त्यांच्या मागे एक म्हातारा होता. आईने त्याला हाक मारून विचारलं, "का हो, इथे कुणी पोहतं का?"

"नाही बाई. आत सगळे धारदार दगड आहेत. पोहणाराही वाचायचा नाही."

आईने मान हलवली. ती रडली नाही. पाण्याकडे बघत बसून राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत. कधी तिचे ओठ हलत होते. ती दादाशी बोलत होती की मनाशीच काही मोजत होती, हे ताईला कळलं नाही. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि वहिनीला म्हणाली, "तुझ्या आईकडे जाऊन ये आता. राहायचं असेल तर राहा. यायचं असेल तर ये. मी विचारणार नाही."

वहिनीने तिथेच तिला मिठी मारली. आई ताठ उभी होती. मग हळूहळू तिचा हात वर आला आणि वहिनीच्या पाठीवरून फिरला.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली, मध्ये ताई, कडेला वहिनी. गाडी सुरू होते न होते तोच आईची मान ताईच्या खांद्यावर कलली. गाढ झोप. इतक्या वर्षांत आई अशी झोपलेली ताईने पाहिली नव्हती. रस्त्याने ट्रक जात होते, भोंगे वाजवत होते, आईच्या पापणीलाही त्याची जाण नव्हती. त्यांचा थांबा आला. ताई हलली नाही. वहिनीने कंडक्टरकडे बघून पुढची तिकिटं मागितली.

"कुठवर?" त्याने विचारलं.

"जाते तिथवर," वहिनी हळूच म्हणाली, म्हातारी जागी होऊ नये म्हणून.